'सा.न.वि.वि.' ते 'ता.क.' : पत्रातल्या या अक्षरांमागे हेमाडपंतांचं नाव का घेतलं जातं?

शनिशिंगणापूरला कुणाला काही पाठवायचं असेल तर पत्ता असा लिहितात : मु. पो. शनिशिंगणापूर, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

ही ओळ आपण इतक्या वेळा लिहिलेली असते की तिच्यातल्या ठिपक्यांकडे लक्षच जात नाही. मु. म्हणजे मुक्काम, मूळ शब्द अरबी. ता. म्हणजे तालुका, अरबी. जि. म्हणजे जिल्हा, तोही अरबी. पो. म्हणजे पोस्ट, हा इंग्रजांसोबत आला. चार ठिपक्यांत दोन परक्या भाषा आणि मध्ये आपल्या गावांची नावं. गंमत म्हणजे हाच 'ता.' तारखेच्या आधी आला तर तारीख होतो आणि पत्राच्या शेवटी 'ता.क.' झाला तर ताजा. वाचणाऱ्याला मात्र कधी गोंधळ होत नाही.

आता ऑफिसचा एखादा ईमेल उघडा. त्यात 'ई.जी.' असेल, 'आय.ई.' असेल, यादीच्या शेवटी 'एट्‌सेटेरा' असेल, खाली 'पी.एस.' असेल. वेळ 'ए.एम.'-'पी.एम.'मध्ये, व्याज 'पर अ‍ॅनम'. ही सगळी लॅटिन. विषयाच्या ओळीत येणारं 'री' सुद्धा. बहुतेकांना ते रिप्लायचं लघुरूप वाटतं, पण त्याचं मूळ 'बाब, विषय' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि ईमेलच्या कितीतरी आधीपासून ते पत्रांवर होतं. जुन्या इंग्रजी व्यापारी पत्रांत तर 'इन्स्ट.', 'अल्ट.', 'प्रॉक्स.' अशी तीन लघुरूपं असायची. चालू महिना, गेला महिना, पुढचा महिना. आज ती कुणी वापरत नाही.

लॅटिनला ही सवय कुणी लावली असं विचारलं तर एक नाव पुढे येतं, तिरो. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचा तो गुलाम आणि लेखनिक. सिसेरोने त्याला इसवी सनापूर्वी ५३ मध्ये मुक्त केलं. मालक बोलेल त्या वेगाने लिहिता यावं म्हणून त्याने खुणांची एक पद्धत बसवली, असं मानतात. 'तिरोच्या खुणा' या नावाने ती पुढे हजारभर वर्षं युरोपातल्या मठांमध्ये चालली.

मराठीत हाच प्रश्न विचारला तर उत्तर येतं, हेमाडपंत.

शिर्डी आणि शिंगणापूर एकाच फेरीत करणाऱ्यांना हे नाव दुसऱ्याच कारणाने माहीत असतं. 'श्रीसाईसच्चरिता'चे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर १९१० मध्ये शिर्डीला आले आणि साईबाबांनी त्यांना हेमाडपंत म्हणायला सुरुवात केली. ते टोपणनाव होतं. ज्याच्यावरून ते पडलं तो मूळ माणूस त्याच्या साडेसहाशे वर्षं आधीचा. बांधकामाची शैली, मोडी लिपी, पत्राचा मायना, हिशेबाची पद्धत, आणि काही ठिकाणी तर बाजरीसुद्धा, असं काय काय आपण त्याच्या नावावर टाकलं आहे. एका माणसाने एवढं सगळं केलं असेल का? ही गोष्ट त्याचीच.

शिंगणापूरहून घोडेगावला येऊन संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की पुढे देवगिरीचा किल्ला येतो. आजचा दौलताबाद. तेराव्या शतकात इथे यादवांची राजधानी होती आणि आताचा बहुतेक महाराष्ट्र तिथून चालवला जात होता. हेमाद्री पंडित हा या दरबारातला माणूस. वत्स गोत्री ब्राह्मण घराणं, वडील कामदेव, आजोबा वासुदेव, पणजोबा वामन. ही वंशावळ त्याच्या ग्रंथांतच येते. पंडित म्हणून त्याची ख्याती होतीच, पण दरबारातलं त्याचं पद त्याहून महत्त्वाचं होतं. तो होता श्रीकरणाधिप.

'करण' म्हणजे दप्तर, लेखनाचं खातं. गावाचे कागद सांभाळणारा कुलकर्णी आणि कर्णिक हे आडनाव, दोन्हींच्या मुळाशी हाच शब्द सांगतात. श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या सगळ्या कागदांचा प्रमुख. राजाचा हुकूम निघाला की तो त्याच्या खात्यातून लिहिला जाणार. दान दिलं की त्याचा मजकूर तिथे ठरणार. महसूल किती आला आणि कुठे गेला याची नोंद तिथेच. आजच्या भाषेत सांगायचं तर मंत्रालयाचा मुख्य सचिव आणि महालेखापाल एकाच खुर्चीत.

महादेव यादवाच्या कारकिर्दीत, म्हणजे १२६१ ते १२७१ या काळात, हेमाद्रीकडे हे पद आलेलं दिसतं. १२७१ मध्ये महादेव वारला आणि त्याचा मुलगा आम्मण गादीवर बसला. पण गादीवर हक्क सांगणारा आणखी एक जण होता, महादेवाच्या थोरल्या भावाचा मुलगा रामचंद्र. नटांच्या मेळ्याच्या वेषात तो माणसं घेऊन देवगिरीत शिरला, असं जुन्या मराठी साहित्यात सांगितलेलं आहे. आम्मण कैद झाला, त्याचे डोळे काढले गेले, आणि रामचंद्र, ज्याला आपण रामदेवराव म्हणतो, राजा झाला.

अशा उलथापालथीत जुन्या राजाचे मंत्री सहसा टिकत नाहीत. हेमाद्री टिकला. पुढच्याच वर्षी, शके ११९४ म्हणजे १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात तो रामचंद्राचा मोठा अधिकारी म्हणून दिसतो. कारभाराची मुद्रा त्याच्या हाती आहे, हत्तीदळ त्याच्याकडे आहे आणि झाडीमंडळ, म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडचा जंगलपट्टा, जिंकल्याचं श्रेयही त्याला दिलेलं आहे. पंढरपूरच्या देवळात शके ११९५ ते ११९९ या काळात दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. तो शिलालेख चौऱ्याऐंशीचा लेख म्हणून ओळखला जातो. त्यातही राजाबरोबर या पंडिताचं नाव आहे.

तो का टिकला असेल? माझं मत असं, की राजा बदलला तरी दप्तर बदलता येत नाही. कुठल्या गावाकडून किती येणं आहे, कुणाला काय दान दिलंय, कुठल्या अधिकाऱ्याला कोणत्या शब्दांत लिहायचं, हे ज्याला माहीत त्याला काढलं तर नव्या राजाचा पहिलाच हुकूम अडेल.

इथे त्या लघुरूपांचा मुद्दा येतो. राज्य मोठं असलं की पत्रं वाढतात. पत्रं वाढली की लिहिणारे वाढतात. आणि दहा जण दहा तऱ्हेने लिहायला लागले की वाचणाऱ्याची पंचाईत होते. हे पत्र वरिष्ठाने लिहिलंय की बरोबरीच्याने, हुकूम आहे की विनंती, मुख्य मजकूर सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे, हे एका नजरेत कळायला हवं. म्हणून साचा लागतो.

या साच्याच्या पोथ्यांना 'मेस्तक' म्हणतात, आणि परंपरेत त्या हेमाडपंती मेस्तक म्हणून ओळखल्या जातात. कोणाला कोणता मायना लिहायचा, कारभाराचे कागद कसे करायचे, हिशेब कसा मांडायचा, अशी ही कारकुनाच्या हाताशी ठेवायची पुस्तिका. आपल्या हाती आलेल्या प्रती नंतरच्या काळातल्या आहेत आणि नकला करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या काळाची भर घातली आहे. त्यामुळे त्यातली अमुक ओळ हेमाद्रीचीच, असं बोट ठेवून सांगता येत नाही. कारकुनांनी मात्र शेकडो वर्षं त्याचंच नाव लावलं.

असं पुस्तक फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. गुजरातमध्ये 'लेखपद्धती' नावाचा संस्कृत नमुनापत्रांचा संग्रह झाला. त्याच सुमाराच्या युरोपात, इटलीतल्या बोलोन्या शहरात, पत्र लिहिणं ही रीतसर शिकवायची विद्या होती. तिथले गुरुजी पत्राचे पाच भाग सांगत. आधी अभिवादन, मग वाचणाऱ्याचं मन वळवणारे दोन गोड शब्द, मग हकीकत, मग मागणी, मग शेवट.

आता जुनं मराठी पत्र घ्या. आधी मायना आणि नमस्कार. मग इकडचं क्षेम आहे, तुमचं कळवत जा. मग 'विशेष', म्हणजे इथून खरी गोष्ट सुरू. मग विनंती. मग लोभ असावा, बहुत काय लिहिणे. बोलोन्याच्या पाच पायऱ्या आणि आपल्या पाच पायऱ्या जवळजवळ सारख्याच. दोघांची कधी भेट झालेली नाही. गरज तीच होती, म्हणून उत्तरही तेच निघालं.

सा.न.वि.वि. मधला शेवटचा 'वि.' म्हणजे हाच विशेष. साष्टांग (किंवा सादर) नमस्कार, विनंती विशेष. शाळेत आपण हे चार ठिपके पाठ केले आणि ते नुसतं नमस्काराचं लांबलेलं रूप आहे असं समजलो. प्रत्यक्षात ती दारावरची पाटी आहे. नमस्कार झाला, आता कामाचं बोलू.

पहिल्या अक्षराचीही मजा आहे. साष्टांग आणि सादर ही दोन वेगळ्या नात्यांची दोन वेगळी अभिवादनं. लघुरूपात ती एकच होतात. लिहिणाऱ्याला मान कमी-जास्त करायचा नसेल तर 'सा.' लिहून मोकळं होता येतं. ज्याला जे वाचायचं ते त्याने वाचावं.

मोडीची गोष्ट याच्याहून गुंतागुंतीची.

लोककथा अशी की हेमाडपंत मोठा वैद्य होता. त्याने लंकेच्या बिभीषणाचं दुखणं बरं केलं आणि बदल्यात राक्षसांकडून देवळं बांधून घेतली, येताना मोडी लिपीही आणली. कथेतला वैद्य मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या ग्रंथावर हेमाद्रीची 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका आहे आणि वैद्यांच्या अभ्यासात तिचं नाव आजही घेतलं जातं.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगळा तर्क लढवला. फारसीत घाईने लिहायच्या वळणाला 'शिकस्ता' म्हणतात, म्हणजे मोडलेलं. 'मोडी' हे त्याचंच भाषांतर, आणि कल्पना हेमाडपंताने तिथून घेतली, असा त्यांचा अंदाज. इतर अभ्यासक म्हणतात की घाईने लिहिताना नागरी अक्षरं आपोआप वळत गेली, कुणी एकाने बसून लिपी तयार केली नाही. हातात असलेला पुरावा बघायचा तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातला १३८९ सालचा मोडी कागद सर्वांत जुन्यांपैकी समजला जातो. म्हणजे हेमाद्रीनंतर शंभरेक वर्षांचा.

मला दुसरी बाजू जास्त पटते. एका माणसाने लिपी शोधली यापेक्षा, एका मोठ्या दप्तराने घाईच्या अक्षराला सरकारी मान्यता दिली हे जास्त शक्य वाटतं. आणि तसं असेल तर दप्तराच्या प्रमुखाचं नाव त्याला चिकटणं साहजिक आहे.

मोडी बघितली की ती कशासाठी आहे ते लगेच कळतं. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली बोरू फार न उचलता अक्षरं ओढत जायची. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. देवनागरीत एक ओळ लिहून होते तोवर मोडीत दोन होत असतील. वेळ वाचवायची ही हौस शब्दांपर्यंत पोचणारच होती. तिरोची गरज आणि देवगिरीच्या कारकुनाची गरज एकच. सांगणारा थांबत नाही आणि लिहिणाऱ्याचा हात दुखतो.

म्हणून मोडी कागदांत पहिलं अक्षर लिहून पुढे दोन दंड मारायचे, शब्द संपला. बाकीचा वाचणाऱ्याने ओळखायचा. यादवांनंतर बहामनी आले, निजामशाही आली आणि दप्तरात फारसी-अरबी शब्द भरले, पण हात तोच राहिला. मौजे, कसबा, तर्फ, परगणा या सगळ्यांची पहिली अक्षरं उरली. मुसलमानी तारखेच्या आधी नुसता 'छ' लिहायचा, तो चंद्राचा. सुहूर सनाच्या आधी 'सु', आणि पुढे सालाचा आकडा चक्क अरबी शब्दांत.

इंग्रजांच्या 'इन्स्ट.' आणि 'अल्ट.'ला तर नेमका जोड होता. साल मजकूर म्हणजे चालू वर्ष, साल गुदस्त म्हणजे गेलं वर्ष. पेशवाईतल्या कारकुनाला लंडनच्या व्यापाऱ्याचं पत्र कुणी समजावून सांगितलं असतं तर त्याला त्यात नवं काही वाटलं नसतं.

मध्येच शिवाजी महाराजांच्या काळात या भाषेची सफाई करायचा प्रयत्न झाला. 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि चौदाशेच्या आसपास फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. बाळाजी आवजी चिटणीसांनी मोडीचं वळण सुधारलं. पत्राच्या वर शिक्का आणि मजकूर संपला की मर्यादेची मुद्रा, म्हणजे त्याखाली कुणी गुपचूप एक ओळ वाढवू शकणार नाही. हे शब्द आणि शिक्के बदलत गेले, पण पत्राचा सांगाडा जुनाच राहिला.

शिंगणापूरच्या तालुक्याच्या गावीच याचा एक नमुना आहे. नेवासा नावाची गावं दोन, मधून प्रवरा वाहते. एक नेवासा खु., दुसरं नेवासा बु. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं, मूळ फारसी 'बुजुर्ग'. महाराष्ट्रात अशा जोड्या गावोगाव सापडतात. सातबाऱ्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत त्या एका अक्षरावर आणि ठिपक्यावर चालतात.

नेवाशाचा हेमाद्रीच्या काळाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो फार मोठा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी इथेच ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या वेळी राज्य रामदेवरावाचं होतं आणि ग्रंथाच्या शेवटी त्याचा उल्लेखही येतो. नेवासा खुर्दच्या देवळातला तो 'पैस' खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वर बसले असं मानतात, त्यावरही लेख आहे. तो आहे देवाला दिलेल्या दानाचा. म्हणजे पुन्हा दप्तरच.

आता गंमत बघा. हेमाद्रीने स्वतः जे मोठे ग्रंथ लिहिले ते सगळे संस्कृतात. त्यातला सर्वांत मोठा 'चतुर्वर्गचिंतामणी'. व्रतं कोणती, दानं कोणती, श्राद्ध कसं, काळ कोणता, याचा अवाढव्य कोश. यातले तीर्थ आणि मोक्ष यांच्यावरचे खंड आज मिळत नाहीत. व्रतखंडात वारांची व्रतं आहेत, त्यात शनीचंही. बोपदेव या व्याकरणकाराला त्याने आश्रय दिला आणि त्याच्या 'मुक्ताफल' ग्रंथावर 'कैवल्यदीपिका' ही टीका लिहिली. इतिहासकारांना मात्र या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडली ती व्रतखंडाच्या सुरुवातीची प्रशस्ती. तिच्यात यादव राजांची वंशावळ आहे. रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा इतिहास लिहिला तेव्हा तिचा भरपूर आधार घेतला. दप्तराचा माणूस धर्माचा ग्रंथ लिहायला बसला तरी सुरुवात नोंदीनेच करतो.

व्रतांचा हा डोंगर सगळ्यांना आवडला नाही. कर्मकांड कमी करा, लोकांच्या भाषेत बोला म्हणणारे महानुभाव पंथाचे लोक त्याच राज्यात होते. त्यांच्या परंपरेत हेमाद्री हा खलनायक आहे. चक्रधरस्वामींचा जो छळ झाला त्यात त्याचा हात होता, आणि पुढे रामदेवरावाने त्यालाही देहदंड दिला, असं ते सांगतात. ही एका बाजूची साक्ष आहे, हे लक्षात ठेवून वाचायला हवं. पण हेमाडपंतांवरच्या कौतुकाच्या लेखांत ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते, ते मला बरोबर वाटत नाही. कागदावर ताबा असलेल्या माणसाची सत्ता काय असते, हे ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांनाच नीट माहीत असणार.

महानुभावांनी पुढे आपले मराठी ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. 'सकळ लिपी' हे त्यातल्या एकीचं नाव. पंथाबाहेरच्या कुणाला ती वाचता येत नसे, राजवाड्यांनी विसाव्या शतकात तिची किल्ली शोधेपर्यंत. एकाच राज्यातून निघालेल्या लिहायच्या या दोन तऱ्हा. मोडीने अक्षरं मोडली ती भराभर लिहिता यावं म्हणून, सकळ लिपीने ती बदलली ती परक्याला कळू नये म्हणून. आज दोन्ही आपल्याला सारख्याच अनोळखी आहेत, हा भाग वेगळा.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. राज्य खंडणी देऊन वाचलं, रामदेवराव १३११ पर्यंत गादीवर राहिला आणि थोड्याच वर्षांत यादव संपले. सगळं लिहून ठेवणारं दप्तर होतं, पण दिल्लीकडून येणारी फौज वेळेत कळली नाही.

यादव गेले आणि हेमाडपंत मात्र वाढत गेला. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून बांधलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की लोक त्याला हेमाडपंती म्हणू लागले. अंबरनाथचं शिवमंदिरच घ्या. त्यावरचा लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी पाटीवर आणि रीलमध्ये हेमाडपंतीच. अकोले तालुक्यातलं रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिरही असंच त्याच्या आधीचं. एक शिंगणापूर तेवढं या यादीतून सुटलं, कारण तिथे शनिदेव उघड्या चौथऱ्यावर आहेत. छप्परच नाही, मग शैली कसली!

देवळांच्या बाबतीत दावा सरळ खोडता येतो, दगडावर तारीख आहे. लिपीबाबतीत शंका राहते. पत्राच्या साच्याबाबतीत मात्र मला त्याचं नाव काढून टाकावंसं वाटत नाही. राज्याच्या सगळ्या लेखनाचा प्रमुख तो होता हे ताम्रपट सांगतो. आणि ज्याच्या हाताखाली एवढे कारकून, त्याने पत्र कसं लिहायचं हे ठरवून दिलं नसेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

इंग्रज आले तेव्हा त्यांच्या लॅटिन लघुरूपांना मराठीत जागा तयारच होती. 'पी.एस.'ला ता.क. मिळालं. ताजा म्हणजे नवं, कलम म्हणजे बाब. 'एट्‌सेटेरा'ला इ., 'ई.जी.'ला उदा., 'एन.बी.'ला वि.सू. आणि 'पर सेंट, पर अ‍ॅनम'साठी गणिताच्या पुस्तकातलं ते आपलं द.सा.द.शे., दर साल दर शेकडा. इंग्रजीत व्याजाचा दर सांगायला दोन लॅटिन शब्दजोड्या लागतात, मराठीत चार अक्षरं.

मोडीला मात्र छपाईने मागे टाकलं. शिशाच्या खिळ्यांना बाळबोध सोयीची होती. १९५० च्या सुमारास शाळांतूनही मोडी गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे संपत आले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. घरोघरच्या ट्रंकांत आहेत ते वेगळेच.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२३ आठवा. मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि अचानक मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय, यावर नातवंडांचा दाखला अवलंबून. जो शब्द कारकुनाने वेळ वाचवायला अर्धा सोडला, तो पूर्ण करायला आता तज्ज्ञ शोधावा लागतो.

तुमच्या घरी असा कागद असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. 'मौजे मजकूर' असं वाचलंत तर नकाशात मजकूर नावाचं गाव शोधू नका, त्याचा अर्थ 'वर सांगितलेलं तेच गाव' असा आहे. आणि गावाच्या नावापुढचं एकटं अक्षर कधी सोडू नका. नेवाशाच्या कागदावर 'खु.' आहे की 'बु.', एवढ्यावर तुमची जमीन प्रवरेच्या कोणत्या काठाला आहे ते ठरतं.